कडले म्हणजे दाणे

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आणखी एका वाढदिवसाला नाही म्हणून कळवलं. वरच्या मजल्यावरच्या सुप्रीताच्या मुलाचा. ती बिचारी स्वतः दारात आली होती. 'खाना मत देना, बस खेलने दो ना.' चार वर्षांच्या पोरीला केकसमोर बसवून 'नुसतं बघ हं' म्हणायचं? आणि केकवर काय भुरभुरलंय ते कोण तपासणार? मी म्हटलं, ताप आहे. माझ्या मागे स्वानंदी सोफ्यावरून उड्या मारत होती. सुप्रीताने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'ओके' म्हणून गेली. आता ती परत बोलवायची नाही. बरंच झालं म्हणायचं.

बिल्डिंगच्या ग्रुपवर दिवसभर बसवनगुडीच्या जत्रेचे फोटो. कडलेकायी परिशे म्हणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, लोक त्यात कोपरापर्यंत हात घालून हसतायत. मला बघूनच घाम फुटला. स्वानू दीड वर्षाची असताना चिंचवडला सासूबाईंनी तिला दाण्याचा लाडू भरवला होता. लाडू कसला, सुपारीएवढा तुकडा. तोंड सुजलं, ओठ काळेनिळे, श्वास घेताना शिटी वाजायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे दाणा शिरलेला नाही. कूट नाही, चिक्की नाही, साबुदाण्याची खिचडी नाही.

त्या जत्रेचा एक फायदा झाला. शब्द मिळाला. कडलेकायी म्हणजे शेंगा, म्हणजे कडले म्हणजे दाणे. 'देऊ नका'ला काय म्हणतात ते सुप्रीताकडून आधीच शिकले होते. खाली जाऊन वॉचमनला सांगून आले — 'मगूगे कडले कोडबेडी.' पोरीला कडले देऊ नका. त्याने मान हलवली, 'सरी मॅडम.' दोन वर्षं इथे राहून पहिलं अख्खं कन्नड वाक्य बोलले, तेही नकाराचं.

२८ नोव्हेंबर

आज स्वानू सोडून कुणाशी बोलले? डिलिव्हरीवाल्याशी. ओटीपी सांगितला.

८ डिसेंबर, रविवार

रविवार म्हणजे माझी दोन तास सुट्टी. शुभंकर स्वानूला घेऊन बागेत जातो आणि मी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडते. हे त्याचं त्यानेच सुरू केलं, दिवाळीनंतर. आठवडाभर तो घरात असून नसल्यासारखा — सकाळी ऑफिस, संध्याकाळी अमेरिका. पण रविवारची बाग चुकवत नाही. चांगला आहे तसा. मी त्याच्यावर खेकसते तेव्हा ते विसरते, म्हणून इथे लिहून ठेवलं.

दुपारी सासूबाईंचा फोन. नेहमीचं पुराण. 'अगं, आमच्या वेळी नव्हतं हो हे असलं काही. थोडं थोडं चाटवत राहावं, सवय लागते शरीराला. तू अगदीच बाऊ करतेस.' मी म्हटलं, आई, सवय लागायला पोरगी आधी जिवंत राहायला हवी. शुभंकरने माझ्या हातातून फोन घेतला आणि गॅलरीत गेला. बराच वेळ बोलत होता. आत आल्यावर विचारलं, काय म्हणत होत्या? 'काही नाही. आईला काळजी वाटते गं.' मग मला काय, मजा वाटते?

खरं सांगायचं तर मला दाण्याची चटणी खावीशी वाटते. लाल, लसूण घातलेली, भाकरीवर तेल सोडून. हे कुणाला सांगण्यासारखं पण नाही.

२१ डिसेंबर

प्ले स्कूलवाल्यांनी गोड बोलून कटवलं. 'वी आर नॉट इक्विप्ड, मॅम.' स्वानूने तिथल्या घसरगुंडीवर एकदा तरी बसू दे म्हणून भोकाड पसरलं. बसू दिलं. बसायच्या आधी मी ती ओल्या फडक्याने पुसून घेतली. ऑफिसातल्या दोन बायका काचेतून माझ्याकडे बघत होत्या. बघोत.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. इथे एळ्ळु-बेल्ल वाटतात — तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, आणि भरपूर शेंगदाणे. परकर-पोलकं घातलेल्या मुली ताटं घेऊन घरोघर फिरतात. मागच्या वर्षी एकीने दारातच स्वानूच्या तोंडाजवळ हात नेला होता आणि मी तो हात झटकला. ती रडत गेली. यंदा त्यापेक्षा दार न उघडलेलं बरं म्हटलं.

बेल वाजली की आम्ही दोघी आतल्या खोलीत, टीव्ही बंद, पंखा बंद. तिला सांगितलं लपाछपी चाललीय. पहिल्या दोन बेलना तिला गंमत वाटली. मग म्हणाली, 'आई, आपण कुणापासून लपलोय?' मी म्हटलं, चूप. 'पण आपल्याला शोधतंय कोण?'

सणाच्या दिवशी चोरासारखी घरात बसले. रडू आलं, ते पण आवाज न करता.

१५ जानेवारी

काल एका बेलला दार उघडायला हवं होतं. तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी अक्का होत्या. आज सकाळी परत आल्या. घरी एकट्याच असतात, मुलगा महांतेश येलहंकाला. मूळच्या अथणीकडच्या, मराठी आपल्यासारखंच बोलतात, पण मध्येच कन्नड डोकावतं. दोन वर्षं जिन्यात 'जेवण झालं काय?' याच्या पुढे आमचं गेलं नव्हतं.

हातात छोटी स्टीलची डबी. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, 'तुमच्या लेकीला शेंगा चालत नाहीत नव्हं? वॉचमन कायतरी वेगळंच सांगत होता, मी सुप्रीताला विचारलं. ह्यात नाहीत. तीळ, गूळ, खोबरं, तेवढंच. आधी तुमचं केलं, मग बाकीच्यांचं. भांडं पण वेगळं.'

मी डबी घेऊन उभीच राहिले. वेगळं भांडं! माझ्या सख्ख्या बहिणीला हे सांगून सुचत नाही. म्हटलं, बसा ना अक्का. त्या बसल्या. मी त्यांच्यासमोर तीळ अन् तीळ निरखून बघितला, आणि त्यांनी बघू दिलं. वाईट वाटून घेतलं नाही. मग स्वानूने खाल्लं. चिंचवड सोडल्यापासून कुणाच्या घरचं पहिल्यांदा खाल्लं तिने.

१८ जानेवारी, शनिवार

अक्कांना स्वानूच्या अॅलर्जीच्या इंजेक्शनचं पेन वापरायला शिकवलं. डॉक्टरांनी सरावाचं दिलंय, सुई नसलेलं. उशीवर टोचून दाखवलं — झाकण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, कपड्यावरून चालतं. अक्कांनी उशीला टोचलं, मग माझ्या मांडीला टोचलं, मग स्वानूने त्यांच्या मांडीला टोचलं आणि दोघी खिदळत बसल्या. 'अगं, मी गाईला इंजेक्शन देताना बघितलंय. ही तर केवढीशी कोकरू.'

मला 'अगं' म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही.

तासभर स्वानूला, खऱ्या पेनसकट, त्यांच्याकडे ठेवलं आणि मी वर येऊन फक्त बसून राहिले. कान खालीच होते. पण बसले. अक्कांनी चार चार वेळा बजावून घेतलं, 'शेंगा न्हाई, शेंगातेल न्हाई, बाहेरचं न्हाई. बरोबर?' बरोबर, अक्का.

२३ जानेवारी

शनिवारी चिकपेटला जाईन म्हणते. एकटी. मेट्रोने. साडी बघायला — घ्यायलाच पाहिजे असं नाही. शुभंकर म्हणाला, जा की. रविवारी त्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, म्हणून बागेची फेरी शनिवारीच उरकून, स्वानूला अक्कांकडे सोडून तो ऑफिसला जाईल. सगळं जमतंय. मला उगाच भीती वाटतेय. सुखाची सवय नाही, दुसरं काय.

२६ जानेवारी, रविवार

लिहिते.

काल चिकपेटच्या एका गल्लीत, दुकानाच्या गादीवर बसले होते. समोर इरकली पसरलेल्या. फोन वाजला. अक्का. पलीकडून आधी रिक्षाचा आवाज, मग त्यांचा. 'शाल्मली, सुई दिली मी. मांडीत दिली. आता दवाखान्यात चाललोय. तू ये.'

कशी पोचले आठवत नाही. मेट्रोत उभीच होते, बसायला जागा असून. कुणीतरी विचारलं, 'एनायतु?' काय झालं.

इमर्जन्सीच्या बाहेर अक्का. पायात चपला नाहीत. स्वानू आत, तोंडाला मास्क, डोळे सुजून चिरा झालेले, पण श्वास चालू. डॉक्टर म्हणाले, सुई वेळेवर दिली नसती तर इथपर्यंत आली नसती. शुभंकर माझ्यानंतर आला. भिंतीला टेकून खालीच बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

रात्रभर ठेवून घेतलं. आज दुपारी घरी. स्वानू झोपलीय. मी तिच्या नाकाशी हात धरून बसलेय.

२७ जानेवारी, सोमवार

आज स्वानूला विचारलं, बाळा, अक्कांकडे काय खाल्लंस?

'कडली.'

काय?

'कडली. अक्का देते मूठभर. मस्त कुरकुरीत.'

कडली! कडले! दोन महिने या बिल्डिंगमध्ये मी तेच तर सांगत फिरतेय.

तशीच खाली गेले. अक्कांनी दार उघडलं, 'आली काय पोरगी घरी?' मी विचारलं, तुम्ही तिला कडली दिली? म्हणाल्या, 'हो की. मूठभर दिली.' इतक्या सरळ! चेहऱ्यावर काही नाही. मग मी काय काय बोलले. माझं मूल मारलं असतं तुम्ही, वेगळ्या भांड्यांची नाटकं कशाला केली, तुमच्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक. जिन्यात माणसं थांबली. अक्का मागे सरकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, 'तुम्ही शेंगा म्हणाला होता. कडली कुठं म्हणालात?'

मी म्हटलं, शब्दांचे खेळ माझ्याशी करू नका. आणि दार माझ्या हाताने ओढून घेतलं, त्यांच्याच घराचं.

'तू'चं परत 'तुम्ही' झालं होतं. होऊ दे.

२८ जानेवारी

शुभंकरचं म्हणणं, मी उगाच ओरडले. 'सुई त्यांनीच दिली ना, शालू. चुकून झालं असेल कुणाकडून तरी.' कुणाकडून तरी म्हणे! आणि याला तर कुणाशी वाईटपणा घ्यायलाच नको. ऑफिसात नको, आईशी नको, शेजाऱ्यांशी नको. सगळा वाईटपणा माझ्या खात्यात. भांडण व्हायला लागलं तसा तो आंघोळीला गेला. सकाळी केलेली होती.

३१ जानेवारी

अक्कांच्या दाराला कुलूप. येलहंकाला गेल्या म्हणे मुलाकडे. सुप्रीता मला बघून लिफ्टमध्ये शिरली नाही, जिन्याने गेली.

मी चुकले नाही. मी का वाईट वाटून घेऊ?

५ फेब्रुवारी, बुधवार

अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे. बाई शांत आहेत, इंग्रजी-हिंदीत बोलतात. विचारलं, शनिवारी काय खाल्लं? म्हटलं, शेजारणीने शेंगदाणे दिले. किती? मूठभर. त्या लिहिताना थांबल्या. 'मुट्ठीभर? मुट्ठीभर खाती तो इतने में नहीं बचती.' म्हणे, मागच्या तपासण्या बघता कमीच गेलं असावं पोटात. नीट विचारा एकदा. आणि काही औषधोपचार वगैरे स्वतःच्या मनाने करू नका, हल्ली लोक इंटरनेटवर बघून काय काय करतात. मला एवढा राग आला! माझ्याकडे बघून कुणाला असं वाटेल का? मी, जी घसरगुंडी पुसते.

शुभंकर आला नव्हता. मीटिंग.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

पिठलं करायचं होतं आणि डब्यात बेसन नाही. अॅपवर दोन तासांनंतरची वेळ. स्वानूला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. पहिल्यांदाच गेले तिथे, मी कायम पाकिटावरचं वाचून मागवणारी. म्हटलं, बेसन आहे?

दुकानदार अण्णा म्हणाला, 'कडलेहिट्टु? अर्धा किलो?'

मी दोन पावलं मागेच झाले. बेडा, बेडा, कडले बेडा! नको, नको! त्याला वाटलं डोकं फिरलंय माझं. त्याने पाकीट माझ्या हातात ठेवलं. मागे इंग्रजीत लिहिलेलं होतं — चण्याचं पीठ. बेसन. मी रोज वापरते तेच. मी विचारलं, मग कडले काय? त्याने पोत्यातून मूठभर काढून ओट्यावर ठेवले.

हरभरे.

बोट दाखवलं पलीकडच्या पोत्याकडे, 'अदु कडलेकायी.' शेंगा. कडले म्हणजे हरभरा. 'कायी' लागलं की शेंग होते. मी शेपूट कापून शब्द घेतला होता. बरणीतलं डाळं दाखवून विचारलं, हे? 'हुरिगडले.' भाजलेला कडले. पुढे हसत म्हणाला, आमच्याकडे असं, तिकडे वर हुब्बळ्ळी-अथणीकडचे लोक त्याला कडली म्हणतात आणि कडलेकायीला शेंगा.

स्वानू माझ्या कडेवरून डाळ्याकडे हात करून म्हणाली, 'ती बघ अक्काची कडली.'

डाळं. फुटाण्याचं डाळं दिलं होतं त्या बाईने. जे मी चिवड्यात घालते. जे ती अडीच वर्षांची असल्यापासून खाते आणि तिला काहीही होत नाही.

'तुम्ही शेंगा म्हणाला होता. कडली कुठं म्हणालात?' म्हणजे त्यांना वाटलं असणार, हिला डाळंही चालत नाही आणि मी सांगितलं नाही. तरी माझ्यावर आवाज चढवला नाही. आणि वॉचमनला मी दोन महिने सांगतेय, पोरीला हरभरे देऊ नका! अक्का म्हणाल्याच होत्या, तो कायतरी वेगळंच सांगतो म्हणून. मूर्ख बाई, मूर्ख! पिठलं केलं नाही. भात-तूप जेवलो.

९ फेब्रुवारी, रविवार

शुभंकरला काल रात्रीच सांगितलं. तो म्हणाला, 'जाऊ दे ना आता. पोरगी ठीक आहे ना.' मी म्हटलं, जाऊ दे काय? माणसाला खुनी म्हटलं मी. आज बागेत पण नेलं नाही तिला, पाठ दुखतेय म्हणाला. त्या दिवसापासून नेलंच नाहीये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

येलहंकाला गेले, स्वानूला घेऊन, बसने. पत्ता सुप्रीताकडून मागून घेतला. तिने दिला, पण 'प्लीज, उनको और मत सुनाना' म्हणून.

महांतेशने दार उघडलं आणि बाजूला झाला, या म्हणाला नाही. अक्का आतून आल्या. वाळल्यात. स्वानू 'अक्का!' म्हणून त्यांच्या पायांना जाऊन चिकटली, आणि त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले. हात लावायला घाबरत होत्या. माझ्या लेकीला हात लावायला.

मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. अक्का, कडली म्हणजे हरभरा हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं शेंगा. तुमच्या डाळ्याने तिला काही झालेलं नाही. चूक माझी. मी पाया पडले.

त्या खुर्चीवर बसल्या. 'म्हणजे माझ्या हातनं न्हाई झालं?' नाही, अक्का. 'नक्की?' नक्की. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग स्वानूला मांडीवर घेतलं. म्हणाल्या, 'इथं आल्यापासून स्वयंपाकघरात जात नाही मी. सुनंला म्हटलं, तूच कर. नातवंडांच्या तोंडात माझ्या हातचं काय नको.'

मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

चहा दिला सुनेने. निघताना म्हटलं, परत या ना घरी. 'बघू. आता महांतेश म्हणतो, इथंच राहा. सरी म्हटलं. तुम्ही काळजी घ्या.' तुम्ही. शेवटपर्यंत तुम्हीच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाटकापर्यंत आल्या आणि तिथे मला हाताला धरून थांबवलं. 'पण मग, कशानं झालं हो? माझ्याकडं आली तेव्हाच खाकरत होती ती. मला वाटलं थंडी. कडली दिली आणि ओठ सुजायला लागले. काहीतरी आधीचंच असणार. शोधा तुम्ही.'

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस घर उपसतेय. सगळे मसाले फेकले. तेल फेकलं. बिस्किटांचे पुडे, सॉस, स्वानूची टूथपेस्टसुद्धा. ओटा सोड्याने धुतला. त्या सकाळी ती घरात दूध आणि केळं घेऊन निघाली होती. दूध रोजचं. केळ्यात काय असणार? मग बाग. बागेत कुणी काही दिलं का — शुभंकरला परत परत विचारलं. कुणी बाई, कुणी मूल, बाकावर काही सांडलेलं? 'नाही गं, मी होतो ना सोबत.' मी म्हटलं, आठव नीट. हे घरात कुठेतरी आहे, शुभंकर, आणि मला सापडत नाही. मला झोप येत नाही, मी तिला काय खायला घालू? तिला पाणी देताना पण मी भांडं हुंगते.

तो सिंकमधली भांडी घासायला लागला. घासलेलीच होती, मी सकाळी.

या शहरात मला एक माणूस होतं. ते मी माझ्या तोंडाने घालवलं. आणि जे कारण होतं ते अजून घरात मोकळं फिरतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

शुभंकर उठला नाही, म्हणून आज बागेत मी नेलं. स्वानू मला हाताला धरून आतल्या बाजूच्या, झाडामागच्या बाकाशी घेऊन गेली. चढून बसली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

काय गं?

'दाण्याचं औषध. बाबा देतो ना इथे, बरणीतलं, चमच्याने. मी बरी झाले की आपण आईला सरप्राइज देणार आहोत.'

त्या दिवशी पण दिलं होतं? दवाखान्यात गेलीस त्या दिवशी?

'हो. त्या दिवशी मोठा चमचा.'